शेळीला जमतं ते आपल्याला का जमत नाही?

शेळीला आयुष्यात कधी लिंबू-संत्रं मिळालं नाही तरी तिचं काही बिघडत नाही. लागेल तेवढं क जीवनसत्त्व तिचं यकृत साखरेपासून बनवतं. गाय बनवते, कुत्रा बनवतो, उंदीरही बनवतो. माणसाला मात्र ते जमत नाही. काही महिने ताजी फळं-भाज्या मिळाल्या नाहीत की हिरड्यांतून रक्त यायला लागतं, दात हलतात, कधीच्या काळी भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडतात. हा स्कर्व्ही. लांबच्या समुद्रप्रवासात तो खलाशांचा काळ होता. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबं. फळांचा साठा सहा दिवसांत संपला, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर उभा राहण्याइतका बरा झाला होता.

फळाने गुण येतो हे लिंडला दिसलं. मुळात फळाची गरज का पडते, हे कळायला पुढची दोन शतकं जावी लागली. क जीवनसत्त्व बनवायच्या शेवटच्या पायरीला एक विशिष्ट एन्झाइम लागतं. ते बनवणारं जनुक आपल्याकडेही आहे, आठव्या गुणसूत्रावर, पण मोडक्या अवस्थेत. सुंभ जळाला तरी पीळ दिसतो, तसे त्याचे अवशेष ओळखू येतात, काम मात्र होत नाही. ही मोडतोड सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीची. त्यामुळे माकडं, चिंपांझी आणि आपण सगळेच या बाबतीत परावलंबी आहोत. आपले लांबचे चुलत नातेवाईक लेमूर त्याआधीच वेगळे झाले होते, त्यांचं जनुक अजून शाबूत आहे.

एवढी कामाची गोष्ट मोडली आणि तशीच राहिली, हे कसं? तर ज्या पूर्वजात ती मोडली तो झाडावर राहून फळं-पानं खात होता. क जीवनसत्त्व त्याला तोंडाने भरपूर मिळत होतं. जनुक मोडल्याने त्याचं एकही पिल्लू कमी झालं नाही, आणि नैसर्गिक निवडीच्या वहीत एवढीच एक नोंद होते: किती पिल्लं झाली आणि त्यातली किती जगून पुढे प्रजनन करू शकली. तुमचं आरोग्य, तुमचा आनंद, साठीनंतरची तुमची तब्येत यांसाठी त्या वहीत वेगळे रकाने नाहीत. पिल्लांच्या आकड्यावर परिणाम होत असेल तेवढ्यापुरतंच आरोग्य हिशेबात धरलं जातं.

उत्क्रांतीने शरीर ‘परिपूर्ण’ केलं, अशी वाक्यं आपण इतक्यांदा वाचतो की आजार म्हणजे या सुंदर यंत्रात शिरलेला काहीतरी परका बिघाड वाटतो. माझ्या मते हा समज आधी सोडायला हवा. डॉक्टर विचारतात, हा आजार कसा होतो? कुठली पेशी बिघडली, कुठला जंतू शिरला? प्रश्न रास्तच आहे आणि रुग्णासाठी तोच तातडीचा. पण दुसराही एक प्रश्न आहे. हा आजार होऊ शकेल असं शरीर इतक्या पिढ्यांनंतर शिल्लक तरी का राहिलं? जॉर्ज विल्यम्स हे जीवशास्त्रज्ञ आणि रँडॉल्फ नेसी हे मानसोपचारतज्ज्ञ यांनी १९९१ साली हा दुसरा प्रश्न वैद्यकापुढे ठामपणे मांडला. त्याची उत्तरं एकसारखी नाहीत. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत उत्तर ‘तेव्हा काही अडलं नाही’ एवढंच आहे. काही आजारांत ते बरंच गुंतागुंतीचं निघतं.

सिकलसेलचं पाहा. तांबड्या रक्तपेशीत प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं. त्याच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. बदल एवढाच. पण प्राणवायू कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात आणि गोल पेशी कोयत्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य कळा येतात, रक्त कमी होतं, अवयव निकामी होत जातात. उपचार नव्हते तेव्हा असा आजार असलेली बहुतेक मुलं मोठी होण्याआधीच दगावत. मग हे जनुक कधीच नाहीसं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात आफ्रिकेच्या काही भागांत पाचातल्या एका माणसाकडेही ते सापडतं.

केनियात वाढलेले अँथनी अ‍ॅलिसन हे तरुण संशोधक तिथल्या लोकांचे रक्ताचे नमुने गोळा करत होते. त्यांच्या लक्षात आलं की किनाऱ्यालगत आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास हे जनुक खूप आढळतं आणि थंड डोंगराळ भागात जवळजवळ नाही. मलेरियाचा नकाशाही असाच होता. १९५४ साली त्यांनी पुराव्यानिशी मांडलं की या जनुकाची एकच प्रत असलेली माणसं गंभीर मलेरियापासून बरीच सुरक्षित राहतात. आई आणि वडील दोघांकडून हे जनुक आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर कवच, कुणाकडूनच आलं नाही तर मलेरियाच्या तोंडी. दोन वाहक आईवडिलांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत आजाराची शक्यता २५ टक्के आणि कवच मिळण्याची ५० टक्के. मलेरियाग्रस्त प्रदेशात हा क्रूर सौदा हिशेबात बसत होता. त्या २५ टक्क्यांत सापडलेल्या मुलाने मोजलेली किंमत वहीत वजा होते, पण बेरीज मोठी असेल तर जनुक टिकून राहतं.

सिकलसेल हा अमुक एका वंशाचा आजार आहे असं अनेकांना वाटतं. ते चुकीचं आहे. आफ्रिकेबरोबरच ग्रीस, तुर्कस्तान, अरबस्तान, भारत इथेही तो आढळतो, कारण तो मलेरियाच्या नकाशावर चालतो, कातडीच्या रंगावर नाही. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या, मलेरिया नसलेल्या भागांतल्या काळ्या लोकांत तो विरळा आहे.

असाच सौदा मूत्रपिंडातही झालेला आहे. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण जास्त का, हे कोडं बराच काळ होतं. २०१० साली त्याचा मोठा धागा सापडला: एपीओएल१ नावाच्या जनुकाचे दोन बदललेले प्रकार. या जनुकापासून बनणारं प्रथिन निद्रारोगाच्या, म्हणजे आफ्रिकेत एका माशीच्या चावण्यातून पसरणाऱ्या आजाराच्या, परजीवीला रक्तातच मारतं. परजीवीच्या एका जातीने त्यावर तोड काढली, आणि त्या तोडीवर तोड म्हणजे हे बदललेले प्रकार. एक प्रत असली तर परजीवीशी लढायला मदत, दोन असल्या तर मूत्रपिंड धोक्यात. ज्यांचे पूर्वज निद्रारोगाच्या माशीपासून पार समुद्रापलीकडे नेले गेले, त्यांच्या वाट्याला लढाई उरली नाही, हत्याराचं ओझं तेवढं राहिलं.

शरीराच्या रचनेतल्या खोडी या मानाने सरळ आहेत. राहत्या घराची दुरुस्ती करताना ते पाडून नव्याने बांधता येत नाही. उत्क्रांतीलाही तेच. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचा आडवा कणा उभा केला, तर सगळा भार कंबरेच्या मणक्यांवर येणारच. अन्न आणि हवा यांची वाट घशात एकमेकींना छेदते, म्हणून ठसका लागतो आणि कधी घास अडकून जीवही जातो. डार्विनलाही १८५९ साली हे विचित्र वाटलं होतं, तसं त्याने लिहून ठेवलं आहे. अक्कलदाढेचा किस्सा थोडा वेगळा. अन्न शिजवून मऊ खायला लागल्यावर जबडा पूर्वीइतका वाढेनासा झाला, दातांची संख्या मात्र तीच राहिली. मग शेवटच्या दाढेला जागा कुठून मिळणार?

आता जबड्यासारख्याच, पण जास्त व्यापक गोष्टीकडे येऊ. शरीर ज्या परिस्थितीत घडलं ती परिस्थितीच बदलली तर काय होतं? याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण गोड खाणं आणि बैठं काम हे नेहमीचं नाही, तर मासिक पाळी हे आहे. बेव्हर्ली स्ट्रासमन या संशोधिकेने पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन समाजात वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या बायका गर्भनिरोधक वापरत नव्हत्या. पाळी उशिरा सुरू होणं, बरीच बाळंतपणं आणि प्रत्येक बाळाला दीर्घकाळ अंगावर पाजणं, यामुळे एका बाईला आयुष्यभरात सुमारे १०० पाळ्या येत. आधुनिक शहरी समाजात हा आकडा ४०० च्या आसपास जातो. प्रत्येक पाळीबरोबर संप्रेरकं वर-खाली होतात, त्यांच्या इशाऱ्यावर स्तनातल्या आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी विभागतात. जितक्या वेळा विभागणी, तितक्या वेळा नक्कल करताना चूक होण्याची संधी. १८व्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतले वैद्य रामाझ्झिनी यांनी नोंदवलं होतं की मठात अविवाहित राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींमध्ये (नन) स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

यावरून बायकांनी डझनभर मुलं जन्माला घालावीत असा निष्कर्ष कुणी काढू नये. बाळंतपणात मरण्याचा धोका त्या १०० पाळ्यांच्या आयुष्यातच सगळ्यांत जास्त होता. ‘पूर्वीचं ते सगळं निरोगी’ या गोड कल्पनेला पुरावा फारसा साथ देत नाही. इतिहासाच्या बहुतेक काळात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मोठी होण्याआधी मरत. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या जगात सर्वांत स्वच्छ आढळल्या आहेत. २०१७ सालच्या अभ्यासात तपासलेल्या प्रौढांपैकी ८५ टक्क्यांच्या वाहिन्यांत कॅल्शियमचा थर मुळीच नव्हता. शिकार, मासेमारी, शेती यांत त्यांचा दिवसाचा बहुतेक वेळ जातो. पण जंत आणि संसर्ग यांनी तेच लोक बेजार असतात. दुसरीकडे इजिप्त, पेरू, उत्तर अमेरिका अशा ठिकाणच्या १३७ प्राचीन ममींचं स्कॅनिंग केलं तेव्हा एक तृतीयांश ममींमध्ये रक्तवाहिन्या कठीण झाल्याच्या खुणा सापडल्या. ‘आदिमानवाचा आहार’ विकणाऱ्यांनी या ममी एकदा बघाव्यात.

जंतांचा विषय निघालाच आहे तर अ‍ॅलर्जीबद्दल थोडक्यात. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १७,००० हून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची अ‍ॅलर्जी कमी, असं त्यांना दिसलं. त्यातून ‘अति स्वच्छतेमुळे अ‍ॅलर्जी होते’ हे वाक्य लोकप्रिय झालं. ते अर्धवट आहे. पुढच्या संशोधकांनी दुरुस्ती केली की प्रतिकारशक्तीला शिस्त लावतात ते गोवर-पटकीसारखे शत्रू नव्हेत, तर माती, जनावरं आणि आतडी यांतले जुने सोबती. लाखो वर्षं ते शेजारी होते, म्हणून प्रतिकारशक्ती त्यांना गृहीत धरूनच घडली. ते गायब झाले आणि ती परागकणांवर, शेंगदाण्यावर, कधी स्वतःच्याच पेशींवर धावून जाऊ लागली. हात धुणं सोडून हे सोबती परत येणार नाहीत, जुलाब मात्र येतील.

उत्क्रांतीची गोष्ट सांगताना एक मोह फार होतो. कुठलाही आजार घ्या, त्याच्यामागे झकास कथा रचता येते. मधुमेहाचंच बघा. १९६२ साली जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली. दुष्काळात टिकण्यासाठी अन्न चरबीच्या रूपात साठवणारी जनुकं निवडली गेली, आता सुकाळ कायमचा आला आणि तीच अंगाशी आली. ऐकताक्षणी पटते. पण अशा जनुकांचा दशकानुदशकं शोध घेऊनही अपेक्षेप्रमाणे ठसठशीत काही हाती लागलेलं नाही. जॉन स्पीकमन यांचा आक्षेप तर मुळावरच आहे. दुष्काळात मरतात ती मुख्यतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं, आणि भुकेपेक्षा रोगराईने जास्त. मग जाड माणूस वाचला आणि बारीक गेला, अशी निवड झाली कधी? खुद्द नील यांनीही पुढे आपली कल्पना बरीच बदलली.

या कथेच्या शेजारी एक वेगळा पुरावा ठेवावा लागतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा साखर पचवण्याची त्यांच्या शरीराची क्षमता इतरांपेक्षा कमी आढळली. म्हणजे इथे तरी निर्णय हजारो पिढ्यांत झालेला नव्हता, तो एका गर्भारपणात झाला.

आजाराची म्हणून जी लक्षणं आपण मोजतो, त्यातली काही खरं तर शरीराचं प्रत्युत्तर असतात. १९७५ साली मॅथ्यू क्लुगर यांनी वाळवंटातल्या इग्वाना सरड्यांवर प्रयोग केला. सरड्याला आपल्यासारखा आतून ताप येत नाही, तो उबदार जागी जाऊन बसतो. जंतू टोचलेले सरडे नेहमीपेक्षा गरम जागा शोधत. त्यांना कमी तापमानात ठेवलं तेव्हा ते जास्त संख्येने मेले. ताप हा कोट्यवधी वर्षांचा जुना बचाव आहे. रक्तातलं लोह घटणं हाही तसाच. बहुतेक जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्ग झाला की शरीर आपलं लोह कोठारात कुलूपबंद करतं. झांझिबारजवळच्या पेम्बा बेटावर मलेरिया मोठ्या प्रमाणावर होता. तिथे हजारो लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल देण्याचा प्रयोग झाला, हेतू अर्थातच चांगला. लोह मिळालेल्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढले, तेव्हा तो भाग मध्येच थांबवावा लागला. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मलेरिया असलेल्या प्रदेशात लोह द्यायचं तर मलेरियाचा प्रतिबंध आणि उपचार यांची सोय असायला हवी, ही खबरदारी त्यानंतर आली. ज्या मुलांत लोहाची खरोखर कमतरता होती त्यांना मात्र त्याचा फायदाच दिसला, हेही त्याच प्रयोगात आढळलं.

मग ताप उतरवायचाच नाही का? तसं नाही. बचावाची यंत्रणा मुद्दामच उतावळी घडलेली असते. नेसी तिला धुराच्या भोंग्याची उपमा देतात. पोळी करपल्यावर तो दहा वेळा उगाच वाजला तर त्रास होतो, पण खरी आग लागल्यावर एकदा वाजला नाही तर घर जातं. म्हणून उलटी, ताप, वेदना, भीती गरजेपेक्षा जास्त वेळा येतात. यातल्या बऱ्याच वेळा औषधाने त्यांना गप्प केलं तरी काही बिघडत नाही. कोणती वेळ खरी आगीची, हे ओळखणं डॉक्टरचं काम.

वहीत साठीनंतरचा रकाना नाही असं वर म्हटलं, त्याचा परिणाम म्हणजे म्हातारपण. तरुणपणी थोडं उपयोगी आणि उतारवयात घातक असं जनुक असेल तर ते टिकतं, कारण त्याचे तोटे दिसेपर्यंत मुलं झालेली असतात. विल्यम्स यांनी १९५७ सालीच हे मांडलं होतं. कर्करोगाशी लढायची ताकदही प्रत्येक प्राण्याला त्याच्या आयुष्याच्या बेताने मिळाली आहे. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी असूनही त्याला कर्करोग कमी होतो. बिघडलेल्या पेशीला थांबवणाऱ्या टीपी५३ जनुकाची माणसाकडे एक जोडी आहे, हत्तीकडे तशा सुमारे २० जोड्या. बहुतेक नकला थोड्या अर्धवट आहेत, तरी त्यांतल्या काही काम करतात.

वारसा फक्त थेट पूर्वजांचाच असतो असंही नाही. निअँडरथल या आता नामशेष झालेल्या माणसांशी आपला संकर झाला होता, आणि २०२० साली ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी दाखवलं की कोविडमध्ये गंभीर आजारी पडण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा त्यांच्याकडून आलेला आहे. दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के लोकांकडे तो आहे, युरोपात १६ टक्क्यांकडे. पुढच्या वर्षी बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल तुकडा सापडला, तो उलट संरक्षण देणारा. आणि तिसऱ्या गुणसूत्रावरचा तो ‘वाईट’ तुकडा एचआयव्हीची लागण होण्याचा धोका कमी करतो, असंही झेबर्ग यांना नंतर आढळलं. जनुकाला चांगलं-वाईट म्हणायचं तर आधी विचारायला हवं, कुठल्या जंतूसमोर?

सिकलसेलची एक गोष्ट सांगायची राहिली. १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी पाहिलं की हे जनुक घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिले काही महिने त्रासच होत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकापासून बनतं, ते आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यात पटाईत असतं आणि जन्मानंतर हळूहळू बंद होतं. काही लोकांत ते मोठेपणीही चालू राहतं. अशांना सिकलसेल असला तरी फार सौम्य असतो. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली क्रिस्पर (जनुकात नेमक्या जागी काप घेणारं तंत्र) जनुकोपचार पद्धत सिकलसेलची मूळ चूक दुरुस्त करतच नाही. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यातलं बाळहिमोग्लोबिन बंद करणारं कळसूत्र ती तोडते आणि पेशी परत सोडते. चूक तिथेच राहते, तिच्या शेजारी जन्मापूर्वीचं जुनं हिमोग्लोबिन पुन्हा कामाला लागतं.